पीएसपीचं कस्टम फर्मवेअर अपडेट करण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेत जुन्या पीएसपी, म्हणजे सोनीचे हातात धरून खेळायचे गेम कन्सोल, अजून घराघरांतून निघतात. कुणाच्या थोरल्या भावाने पुण्यात शिकताना घेतलेली, कुणाच्या मामाने दुबईहून आणलेली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून खाली येते, चार्जिंगला लागते आणि घरातलं पोरगं व्हिडिओ बघून ती ‘अपडेट’ करायला बसतं. त्यातल्या बऱ्याच नंतर माझ्या विश्रामबागेतल्या टेबलावर येतात. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. फाइल आणि फोल्डरांची नावं मी देवनागरीत लिहितोय. मेमरी कार्डावर मात्र ती इंग्रजी अक्षरांत, मूळ झिपमध्ये असतील तशीच हवीत.

अपडेट करणं गरजेचं आहे का?

बहुतेक वेळा नाही. पीएसपीचं शेवटचं ऑफिशियल फर्मवेअर, म्हणजे सोनीने दिलेली आतली सिस्टीम, ६.६१, ते २०१५ साली आलं. त्याआधीचं ६.६०, २०११ चं. दोन्हींवर कस्टम फर्मवेअर, म्हणजे बाहेरच्यांनी बदललेली सिस्टीम, चालतं आणि खेळणाऱ्याला दोन्हींत फरक जाणवत नाही. तुमची पीएसपी ६.६० वर असेल, गेम सुरू होत असतील, सेव्ह होत असतील, तर ६.६१ वर जाण्यात काही हशील नाही. फक्त आकडा मोठा दिसतो म्हणून फ्लॅश मेमरीला हात लावायचा, हे मला पटत नाही.

अपडेट करावं ते दोन कारणांसाठी. एक, पीएसपी फार जुन्या आवृत्तीवर अडकली आहे, ३.७१ किंवा ५.५० सारख्या, आणि नवे गेम किंवा होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेले प्रोग्रॅम) सुरूच होत नाहीत. दोन, तुमच्याकडे प्रो किंवा एलएमई हे जुनं कस्टम फर्मवेअर आहे आणि तुम्हाला आर्क-४ या नव्यावर जायचं आहे, कारण त्यावर अजून काम चालू आहे आणि जुन्यांवरचं थांबलं आहे. बाकी सगळ्यांनी खेळावं.

एक अपवाद सांगतो. पीएसपी-१००० हातात आली आणि सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये १.५० दिसलं, तर ती आहे तशीच ठेवा. होमब्रूची सगळी चळवळ त्या आवृत्तीवर उभी राहिली. इतकी वर्षं न बदलता राहिलेला तो संच आता सहज मिळत नाही.

माझ्या पीएसपीत आत्ता काय आहे ते कुठे बघू?

सेटिंग्ज, मग सिस्टीम सेटिंग्ज, मग सिस्टीम इन्फर्मेशन. तिथे नुसतं ‘६.६१’ असेल तर ऑफिशियल, ‘६.६१ प्रो’, ‘एलएमई’, ‘आर्क’, ‘एम३३’ किंवा ‘जेन’ असं शेपूट असेल तर कस्टम. ती ओळख कागदावर लिहून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढलात तर आणखी चांगलं.

मग मॉडेल. बॅटरीचं झाकण उघडा, बॅटरी काढा, खालच्या स्टिकरवर १०००, २००० किंवा ३००० मालिकेतला क्रमांक असतो. जाड आणि वजनदार ती १०००. स्क्रीन वर सरकून खालून बटणं निघतात ती गो. वायफाय नाही आणि अंग खरखरीत मॅट आहे, ती ई१०००, म्हणजे स्ट्रीट. स्टिकर निघून गेलं असेल, किंवा कुणी एका पीएसपीचं बॉडी कव्हर दुसरीला चढवलं असेल (आपल्याकडे हे फार होतं), तर कस्टम फर्मवेअर चालू असताना ‘पीएसपी आयडेंट’ हे छोटं होमब्रू चालवा. ते थेट मदरबोर्डचं नाव दाखवतं. बाहेरच्या कव्हरवर विश्वास ठेवू नका, बोर्डावर ठेवा.

“काका, सगळ्या गेम गेल्यात की! अपडेट करूनच बरोबर होईल नव्हं?”

सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न हाच, आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

गेम गेलेल्या नसतात. बऱ्याच पीएसपींवर, विशेषतः ३००० वर, कस्टम फर्मवेअर कायमचं बसवलेलं नसतं. चालू असताना ते मेमरीत राहतं. पॉवरची खिटी थोडी वर सरकवून सोडली तर पीएसपी झोपते आणि ते टिकतं. तीच खिटी तीन-चार सेकंद धरून ठेवली, बॅटरी पूर्ण उतरली किंवा काढली, की पीएसपी पूर्ण बंद होते आणि ते निघून जातं. पुन्हा चालू केलं की पीएसपी साध्या ऑफिशियल अवतारात उठते. आयएसओ फोल्डरातल्या गेम तिला दिसतच नाहीत. होमब्रूच्या जागी ‘करप्टेड डेटा’ असं लिहिलेले चौकोन दिसतात. एखादी उघडायला गेलं तर ८००२०१४८ हा एरर येतो.

बघणाऱ्याला वाटतं, कार्ड खराब झालं. तो कार्ड फॉरमॅट करतो, किंवा चौकोन एकेक करून पुसतो. आणि तेव्हा मात्र गेम खरंच जातात, सोबत चार-पाच वर्षांचे सेव्हही जातात. गेल्या उन्हाळ्यात कुपवाडची एक मुलगी आली होती. तिच्या दादाचा अर्धा खेळलेला गेम त्या कार्डावर होता. दादा आता नोकरीला बाहेरगावी. तिने चौकोन पुसायला घेतले होते, तिसऱ्यावर थांबली आणि विचारायला आली. सेव्ह वाचले.

तर गेम दिसेनाशा झाल्या की पहिलं काम: काहीही न पुसता सिस्टीम इन्फर्मेशन उघडा. नावामागचं शेपूट गेलं असेल तर गेमच्या यादीत ‘फास्ट रिकव्हरी’ किंवा तुमच्या फर्मवेअरचा लोडर शोधा आणि चालवा. स्क्रीन क्षणभर काळी होईल, पीएसपी परत उठेल, गेम जागेवर असतील. यात अपडेटचा संबंधच नाही.

मग अपडेट म्हणजे नक्की काय बदलतं?

या एका शब्दाखाली चार वेगळी कामं येतात आणि धोका प्रत्येकाचा वेगळा.

प्लगइन, म्हणजे कस्टम फर्मवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, बदलणं हे फक्त कार्डावरचं काम. बिघडलं तर कार्ड काढून पीएसपी चालू करा, संगणकावर प्लगइनचा फोल्डर बाजूला सारा, विषय मिटला.

एकाच मूळ आवृत्तीवर कस्टम फर्मवेअर बदलणं, म्हणजे ६.६१ प्रो वरून ६.६१ आर्क-४, हे पुढचं. यात फ्लॅशमध्ये काही फाइली लिहिल्या जातात, पण मूळ फर्मवेअर जागेवर राहतं. काळजी घ्यावी, घाबरू नये.

मूळ ऑफिशियल फर्मवेअर बदलणं, ५.५० वरून ६.६१, हे खरं मोठं काम. पीएसपीच्या आत १००० मध्ये ३२ एमबी आणि २०००, ३००० मध्ये ६४ एमबी फ्लॅश असते. तिच्या फ्लॅश-० या भागात पूर्ण सिस्टीम असते. अपडेटर तीच पुसून नवी लिहितो. त्या काही मिनिटांत वीज, कार्ड किंवा फाइल यांतलं काही दगा देऊन गेलं तर पीएसपीला उठायला काही उरत नाही.

आणि कस्टम फर्मवेअर कायमचं बसवणं. पीएसपी चालू होताना सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्रॅम धावतो, त्यालाच इथे बदललं जातं. जुन्या बोर्डांवर त्यासाठी सीआयपीएल आहे, त्यावर न बसणाऱ्या मॉडेलांसाठी इन्फिनिटी आली. पुन्हा पुन्हा फास्ट रिकव्हरी चालवण्याचा कंटाळा येतो हे मान्य, पण घाईने करायची ही गोष्ट नाही. आणि दोन्ही एकावर एक चढवू नका. आधीचं त्याच्याच अनइन्स्टॉलरने काढा, मग दुसऱ्याचा विचार करा.

बॅटरी फुगली आहे. ती काढून नुसत्या चार्जरवर अपडेट केलं तर?

नको. याचं उत्तर मी लांबवर देणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

मे महिना होता. माझ्याच पीएसपी-१००० ची बॅटरी फुगून झाकण वर आलं होतं, म्हणून ती काढून ठेवली. पीएसपी नुसत्या चार्जरवर छान चालत होती. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. मला वाटलं, पाऊस यायच्या आत आटपून घेऊ. अपडेटर चालू व्हायला तयार नव्हता, म्हणून बॅटरीची तपासणी टाळणारं एक जुनं होमब्रू वापरलं. पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे गेली असेल. वळवाचा पहिला वारा आला, लाईट गेली आणि लगेच आली. पंख्याची पाती थांबलीसुद्धा नाहीत, इतका कमी वेळ. पण पीएसपीला तेवढा पुरला. स्क्रीन काळी. खिटी सरकवली की हिरवा दिवा लागायचा, काही सेकंद राहायचा आणि विझायचा. ब्रिक झालेली, म्हणजे विटेसारखी निकामी पडलेली पीएसपी कशी दिसते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. रात्री अकरापर्यंत मी तो दिवा लावून-विझवून बघत होतो.

अपडेटर बॅटरी मागतो ते उगाच नाही. चार्जर आणि बॅटरी दोन्ही जोडलेली असली की बॅटरी यूपीएसचं काम करते: बाहेरची वीज गेली तरी आतलं लिहिणं थांबत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये वळीव आणि पुढे पावसाळ्यात तारांवर पडणाऱ्या फांद्या, म्हणजे विजेचा भरवसा तसाही कमी. घरी इन्व्हर्टर असला तरी त्यावर जाताना जो क्षणाचा खंड पडतो, तोही नुसत्या चार्जरवरच्या पीएसपीला बंद करू शकतो.

म्हणून आधी चांगली बॅटरी आणा. १००० ची मूळ बॅटरी १८०० एमएएच, जाड. २००० आणि ३००० ची १२०० एमएएच, बारीक. जाड बॅटरी बारीक पीएसपीच्या झाकणाखाली बसत नाही. वरच्या लेबलवर ३६०० असे आकडे छापलेल्या स्वस्त बॅटऱ्यांवर विसंबू नका. नवी आणली की दोन वेळा पूर्ण चार्ज करून गेम खेळून बघा. तासाभरात धाप टाकणारी बॅटरी अपडेटच्या कामाची नाही.

फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबून झाकण बसवू नका, चार्जिंगला लावू नका. घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्यासोबतही टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून, धातूपासून लांब ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

चार्ज किती हवा?

पूर्ण. आणि चार्जर जोडलेला. २००० आणि ३००० यूएसबीवरून चार्ज होतात, पण अपडेटच्या वेळी संगणकाचं यूएसबी वापरू नका. पाच व्होल्टचा चांगला चार्जर भिंतीला लावा. पिन ढिली असेल, हलवल्यावर केशरी दिवा लुकलुकत असेल, तर आधी चार्जर बदला.

कार्डाचं काय बघायचं?

अर्ध्या ‘फर्मवेअरच्या’ तक्रारी कार्डाच्या निघतात. पीएसपीची मूळ कार्डं, मेमरी स्टिक प्रो ड्युओ, आता कमी दिसतात. बहुतेकांकडे मायक्रोएसडीचा अडॅप्टर असतो. त्यात दोन भानगडी. अडॅप्टरात मायक्रोएसडी ढिली बसते आणि पीएसपी हातात वाकडी झाली की संपर्क तुटतो. आणि बाजारात खोट्या आकाराची कार्डं आहेत, लेबलवर ६४ जीबी आणि आत त्याच्या चतुर्थांशही नाही. असं कार्ड खऱ्या हद्दीपर्यंत व्यवस्थित वागतं, त्यापुढे लिहिलेलं सगळं कचरा होतं.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही मोफत साधनं कार्ड काठोकाठ लिहून परत वाचून बघतात. मोठ्या कार्डाला कित्येक तास लागतात. रात्री लावून झोपा. एकही चूक दाखवली तर ते कार्ड अपडेटसाठी नको.

६४ जीबी आणि त्यावरची कार्डं बहुधा एक्सफॅटमध्ये येतात, ती पीएसपीला वाचता येत नाहीत. कार्ड पीएसपीतूनच फॉरमॅट करणं सगळ्यात बरं, म्हणजे तिला हवे ते फोल्डरही ती बनवून घेते. अर्थात आधी सगळं संगणकावर उतरवून. फोल्डरांना मराठी नावं देऊ नका.

आणि अपडेटसाठी वेगळं, छोटं, तपासलेलं कार्ड ठेवलं तर उत्तमच. माझ्याकडे चार जीबीची एक जुनी स्टिक फक्त याच कामाची आहे. तिच्यावर दुसरं काही ठेवत नाही.

बॅकअप कशाकशाचा?

कार्ड पूर्ण, जसंच्या तसं, लपलेल्या फाइलींसकट संगणकावर. त्यातही ‘पीएसपी’ फोल्डरातला ‘सेव्हडेटा’ दोन ठिकाणी ठेवा. तिथे ‘आर्क_०१२३४’ नावाचा फोल्डर दिसला तर तो कुठल्या गेमचा सेव्ह नाही, आर्क-४ च्या स्वतःच्या फाइली त्यात असतात. जागा करायची म्हणून तो पुसणारे मी बघितले आहेत. नवं कार्ड घेतलंत तर तोही न चुकता त्यावर न्या.

कस्टम फर्मवेअर चालू असेल तर नँडचा, म्हणजे आतल्या फ्लॅशचा डंप काढणारं होमब्रू चालवून ती फाइल पीएसपीच्या मॉडेलसह नाव देऊन जपा. प्रत्येक पीएसपीची ओळख तिच्या फ्लॅशमध्ये वेगळी असते. मित्राचा डंप आपल्या पीएसपीत घातला तर चालणारी पीएसपीही बंद पडते. आपला डंप आपल्याच पीएसपीसाठी.

प्रत्यक्ष अपडेट कसं करायचं?

वरचं सगळं झालं असेल तर हा भाग छोटा आहे.

प्लगइन सगळे बंद करा. सीपीयूचा वेग वाढवून ठेवला असेल तर मूळ आकड्यावर आणा. ऑफिशियल ६.६१ ची फाइल घ्या. पीएसपी गो साठी ती वेगळी असते, बाकीच्यांची तिला चालत नाही. उतरवलेल्या फाइलचा चेकसम (फाइल पूर्ण आणि बरोबर उतरली का ते पडताळायचा आकडा) जिथे दिला असेल तिथे जुळवून बघा. नेट मध्येच तुटून अर्धी उतरलेली फाइल वरून पूर्णसारखीच दिसते.

कार्डावर ‘पीएसपी’ मध्ये ‘गेम’, त्यात ‘अपडेट’ नावाचा फोल्डर, आणि त्यात ईबूट.पीबीपी. फाइल कॉपी झाली की कार्ड ओढून काढू नका, संगणकातून आधी ‘इजेक्ट’ करा.

पीएसपी टेबलावर सपाट ठेवा. पलंगावर नाही, मांडीवर नाही. बाहेर आभाळ बघा. चार्जर लावा, गेमच्या यादीतून अपडेट सुरू करा आणि हात मागे घ्या. पट्टी सरकताना डाव्या बाजूचा कार्डाचा केशरी दिवा थांबून थांबून लुकलुकतो. मधे काही क्षण काहीच होत नाही असं वाटतं. तेव्हाच माणसाचा हात खिटीकडे जातो. जाऊ देऊ नका. पट्टी हलत नाही असं वाटलं तरी अर्धा तास हात लावायचा नाही, हा माझा नियम आहे.

पूर्ण झाल्यावर पीएसपी आपणहून सांगते. चालू करा, सिस्टीम इन्फर्मेशन बघा, ६.६१ दिसलं की मग, आणि मगच, कस्टम फर्मवेअरकडे वळा. दोन्ही कामं एका दमात नकोत. मधे एकदा पूर्ण बंद करून चालू करा, वाटल्यास चहा घ्या.

प्रो किंवा एलएमई वरून आर्क-४ वर जाताना?

मूळ आवृत्ती ६.६० किंवा ६.६१ असेल तर ती बदलायची गरज नाही. जुन्या फर्मवेअरचे प्लगइन काढून ठेवा, पीएसपी पूर्ण बंद करून ऑफिशियल अवतारात चालू करा, मग आर्कच्या झिपमधले फोल्डर सांगितलेल्या जागी टाकून लोडर चालवा. जुनं फर्मवेअर कायमचं बसवलेलं असेल तर आधी ते काढा. प्लगइनची यादी आर्कमध्ये वेगळ्या पद्धतीने लिहितात. जुनी यादी तशीच ओढून आणली की काळी स्क्रीन येते आणि दोष आर्कला मिळतो. प्लगइन एकेक करून परत चढवा.

झिपमधली ‘रीडमी’ वाचा. इंग्रजी जड वाटलं तर कुणाकडून वाचून घ्या. आर्क अजून बदलत असतं. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतली पायरी आज तीच असेल असं नाही.

वायफायवरून नाही का करता येत?

पीएसपीचं वायफाय जुन्या ८०२.११बी चं, आणि ऑफिशियल फर्मवेअरला डब्ल्यूपीए२ येत नाही. आजचे राउटर तिला दिसले तरी जोडून घेत नाहीत. आणि त्यासाठी घरच्या राउटरची सुरक्षा उतरवून ठेवणारे लोक आहेत. कार्डाने दहा मिनिटांत होणाऱ्या कामासाठी हे करू नये.

काळी स्क्रीन आली. ब्रिक झाली का?

आधी घाबरू नका, क्रमाने बघा. कार्ड काढा, बॅटरी काढा, मिनिटभर थांबा, बॅटरी घाला, कार्डाशिवाय चालू करा. उठली तर दोष कार्डाचा किंवा प्लगइनचा होता. नाही उठली तर आर बटण दाबून धरून चालू करा. बऱ्याच कस्टम फर्मवेअरमध्ये त्याने रिकव्हरी मेनू येतो आणि तिथून प्लगइन बंद करता येतात. चार्जर बदलून बघा. तीच खिटी खाली ‘होल्ड’ वर सरकलेली नाही ना तेही बघा. त्यातही फसलेले आहेत लोक.

एवढं करून हिरवा दिवा लागून काही सेकंदांत विझत असेल, तर फ्लॅश गेली असं धरा.

मग ती परत उठते का?

१००० असेल तर आशा भरपूर. २००० असेल तर बोर्डावर अवलंबून: टीए-०८८ व्ही३ हा बोर्ड आला तिथे जुना दरवाजा बंद झाला. दरवाजा म्हणजे पँडोरा बॅटरी, २००७ पासूनचा मार्ग. पीएसपी चालू होताना बॅटरीचा अनुक्रमांक विचारते. तो सगळाच्या सगळा ‘एफ’ असेल तर ती स्वतःला सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर समजते आणि फ्लॅशकडे न बघता थेट मेमरी स्टिकवरून उठते. स्टिक त्यासाठी खास तयार केलेली असली की तिथून पूर्ण फर्मवेअर नव्याने लिहिता येतं. अशी बॅटरी दुसऱ्या चालू पीएसपीवर, कस्टम फर्मवेअरमधून बनवतात; प्रत्येक बॅटरी तशी होत नाही.

माझी १००० अशीच उठली. मिरजेच्या एका मित्राकडे जुनी पँडोरा होती. बॅटरी आत सरकवल्याबरोबर, खिटीला हातही न लावता दिवा लागला. स्क्रीनवर अक्षरं आली तेव्हा आम्ही दोघं काही बोललो नाही, फक्त बघत राहिलो.

व्ही३ बोर्ड आणि ३००० साठी आता बॅरिऑन स्वीपर नावाचा मार्ग आहे. बॅटरीच्या जागी संगणक आणि सिरियल अडॅप्टर जोडून पीएसपीला तसंच समजावलं जातं. वायरी जोडण्याचा सराव असलेल्याकडूनच करून घ्या.

पुरात भिजलेली पीएसपी चालू झाली आहे. अपडेट करू?

२०१९ च्या महापुरानंतर, आणि पुन्हा २०२१ ला, गावभागातून अशा किती तरी आल्या. वाळवल्यावर चालू होतात, आठवडाभर चालतातही. पण आत चिखलाचा थर आणि संपर्कांवर हिरवट गंज राहतो. उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड आणि कार्डाची खाच साफ झाल्याशिवाय फ्लॅशला हात लावू नका. आधी सेव्ह बाहेर काढून घ्या, बाकीचं नंतर.

पीएस व्हिटा आणि थ्रीडीएसलाही हेच नियम?

नाही, आणि इथे गफलत महागात पडते. व्हिटावर (सोनीचाच पीएसपीनंतरचा कन्सोल) एन्सो हे कायमचं कस्टम फर्मवेअर ३.६० आणि ३.६५ वर बसतं. तिथे ऑफिशियल अपडेटला ‘हो’ म्हटलंत तर ते जातं आणि मागे येणं कठीण. त्यामुळे व्हिटात आपोआप अपडेट बंद ठेवा.

निन्टेंडोच्या थ्रीडीएसचं उलटं. बूट९स्ट्रॅप आणि लुमा हे तिथलं कस्टम फर्मवेअर बसवलेलं असेल तर आधी लुमा ताजं करायचं, म्हणजे कार्डाच्या मुळाशी असलेली बूट.फर्म फाइल बदलायची, आणि मग ऑफिशियल अपडेट केलं तरी कस्टम फर्मवेअर जात नाही. एका कन्सोलचा सल्ला दुसऱ्याला लावू नका.

हे कायद्यात बसतं का?

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षण तोडणं हा त्यात गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. होमब्रू चालवणं, स्वतःच्या यूएमडीची (पीएसपीच्या गेम डिस्कची) प्रत काढून झिजलेला ड्राइव्ह वाचवणं यासाठी मी मदत करतो. “काका, शंभर गेम भरून द्या” याला मी नाही म्हणतो, ओळखीच्यांनाही.

दुकानात दिलं तर?

द्या, पण आधी कार्ड काढून घ्या आणि मॉडेल, आवृत्ती लिहून घ्या. माझ्या भाच्याची पीएसपी एका दुकानात फक्त जॉयस्टिकसाठी दिली होती. परत आली ती न विचारता अपडेट होऊन, आतलं कस्टम फर्मवेअर गेलेलं आणि बॅटरीही बदललेली. काय करायचं आणि काय नाही, दोन्ही पावतीवर लिहून घ्या.

तुमच्याकडे आणायची असेल तर सोबत काय आणू?

पीएसपी, तिच्यात शेवटचं होतं ते कार्ड, चार्जर, आणि बॅटरी वेगळी काढून. कार्ड फॉरमॅट केलेलं नको. शेवटी कोणतं बटण दाबलं होतं ते खरं खरं सांगा. कुणी रागावत नाही, त्यावरूनच कुठून सुरुवात करायची ते ठरतं. आणि शक्यतो सकाळी या. वळवाच्या दिवसांत दुपारी चारनंतर मी फ्लॅशचं काम हातात घेत नाही.